आज खाडा कुणाचा?

मारुती शेवाळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते राणी म्हणून रडत होते. पांढऱ्या झुपकेदार मिशा, कंपनीचा जुना निळा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि तोंडानं टाहो, "नाथ, मला या अरण्यात एकटीला सोडून जाऊ नका हो!" मी हॉलच्या दारातच थबकले. रडून झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या, चार पावलं चालत पलीकडे गेले, कमरेवर हात ठेवले आणि राक्षसाच्या आवाजात गरजले, "हा हा हा! आता तुला कोण वाचवणार?" मग चार पावलं परत येऊन राणीसारखे किंचाळले. त्यानंतर घोडा होऊन खिंकाळले. समोर राजा झालेले सावंत शांतपणे आपले संवाद म्हणत होते. हॉलमध्ये तिसरं माणूस नव्हतं.

"राणी सेकंड शिफ्टला हाय," ते मला समजावत म्हणाले. "राक्षसाला ओव्हरटाइम. आन् घोड्याचं पुढचं, मागचं, दोघंबी नाईटला. या, बसा."

ही आमच्या नाट्यमंडळाची तालीम होती, आणि हे आमचे शेवाळे नाना.

आमचं मंडळ आकुर्डीचं. हौशी, म्हणजे उत्साह भरपूर आणि वेळ कुणालाच नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक राजाराणीचं नाटक करतो. गोष्ट दर वर्षी नवी असते असं लेखिका आणि दिग्दर्शिका म्हणून माझं म्हणणं आहे. बाकीचे म्हणतात, फक्त राजाचं नाव बदलतं. चेटकीण पुरुषानंच करायची आणि मिशी न काढता करायची, घोड्यात दोन माणसं पाहिजेत, आणि राक्षस राजाच्या मागून आला की सगळ्या पोरांनी "मागे! मागे!" म्हणून ओरडायचं आणि राजानं नेमकं भलतीकडे बघायचं. एका वर्षी मला नावीन्याची हुक्की आली आणि मी राजाला पहिल्याच हाकेला मागे बघायला लावलं. प्रयोगानंतर एक आजोबा नातवाला घेऊन माझ्याशी भांडायला आले. लहानपणापासून बघतोय, म्हणाले, असं कधी झालं नाही.

आमच्या नटांत निम्मे कारखान्यातले. त्यामुळे महिनाभर तालमी होतात, पण सगळे एकत्र कधीच नसतात. राजा फर्स्ट शिफ्टचा, राणी सेकंडची. राक्षस म्हणजे आमचे दत्ताभाऊ, भोसरीच्या जुन्या गावकऱ्यांपैकी. त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, तरी माल तातडीनं पाठवायचा असला की राक्षस येत नाही. मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. कंपनीची बस अडकली की खुद्द दिग्दर्शिकेचाच पत्ता नसतो. अशा मंडळाचं नाटक नानांवाचून उभं राहिलंच नसतं.

संध्याकाळी साडेसहाला नाना दारात येत. चपला काढायच्या आधी प्रश्न एकच. "आज खाडा कुणाचा?" ज्याचा खाडा त्याचं काम नाना उभे राहून करत. एखाद्या दिवशी चुकून सगळे हजर असले तर त्यांचा चेहरा पडायचा. कोपऱ्यात बसून चहा प्यायचे आणि "चला, आज आपलं काय काम न्हाई" म्हणत दापोडीची बस धरायचे.

ही सवय त्यांना कंपनीनं लावलेली. तरुणपणी माण तालुक्यातून ते भोसरीत आले आणि अकरा वर्षं बदली कामगार म्हणून राहिले. म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. आत कुणाचा खाडा असला तर नाव पुकारतात, नसला तर डबा घेऊन घरी. "आमची मंडळी डबा कायम दोन पोळ्या जादाच भरायची," नाना सांगत. मंडळी म्हणजे काकू. "म्हणायची, आत घेतलं तर भूक लागंल, न्हाई घेतलं तर राग यील. दोन्हीला पोळी लागती."

पुढे नाना पर्मनंट झाले, रिटायरही झाले, पण मनानं बदलीच राहिले. बदलीचं त्यांचं एक शास्त्र होतं. "मशीन आपलीच समजून चालवायची, पर सेटिंग बदलायचं न्हाई. उद्या मालक हजर झाला की त्याला वाटलं पाहिजे, आपुन काल हितंच व्हतो."

हे ते नाटकातही काटेकोर पाळत. सावंतांना संवादाच्या मधे खाकरायची सवय. नाना सावंतांच्या जागी उभे राहिले की त्याच शब्दावर खाकरत. चेटकीण करणारा कदम मंत्राची दुसरी ओळ हमखास विसरायचा. नाना चेटकीण झाले की तेही तिथंच अडकायचे. मी एकदा वैतागले. "नाना, तुम्हाला तर येते ना पुढची ओळ?"

"येती की."

"मग म्हणा ना!"

"कदमला न्हाई येत," नाना म्हणाले.

मी कदमवर ओरडून घेतलं. तो नाईटला होता, पण मला ओरडणं भाग होतं.

काकू दर प्रयोगाला पहिल्या रांगेत, दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर. अंगानं किरकोळ, पण हसणं असं की राक्षससुद्धा क्षणभर दचकायचा. प्रयोग संपला की थेट रंगपटात यायच्या आणि मला गाठायच्या. "काय हो ताई, सगळ्यांची कामं यांना येतात. मग यांचं एक तरी काम यांना कधी देणार? मला यांना उजेडात बघायचंय."

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणायचे. हे मी आठ वर्षं म्हणत आले. खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. नानांना काम दिलं असतं तर बाकीच्यांच्या खाड्याला कोण उभं राहणार? त्यांची नड होती म्हणूनच मी त्यांना पडद्यामागे ठेवलं. हे लिहिताना मला काही अभिमान वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू यायच्या बंद झाल्या. नाना म्हणाले, "गुडघं धरल्यात." आम्ही मान डोलावली. तेल, काढे, पट्टे सुचवले आणि विसरून गेलो. घरी जाऊन कुणीच बघितलं नाही.

मग गेल्या दिवाळीच्या आधी पहिल्याच तालमीला नाना दारात उभे राहिले आणि त्यांनी खाडा कुणाचा हे विचारलंच नाही. चपला काढल्या, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, मला काम पायजे."

मला आधी वाटलं, नोकरी मागतायत.

"नाटकात," ते म्हणाले. "मंडळी म्हणती, तुमाला काम आसंल तर यीन. नुसतं बदलीचं कौतिक ऐकून घेनार न्हाई." आणि मग मान खाली घालून, "दोन वर्सं घराभायेर पडली न्हाई ती. ह्या निमतानं पडंल."

मी त्याच क्षणी त्यांना प्रधान करून टाकलं. चार वाक्यं होती. माझा आठ वर्षांचा बोजा चार वाक्यांत उतरला असं मला वाटलं.

पहिली तालीम झकास झाली, कारण राजा गैरहजर होता. दुसऱ्या तालमीला सावंत आले आणि घोटाळा उघड झाला. नाना प्रधानाचं वाक्य म्हणाले, "महाराज, उत्तर सीमेवर राक्षस दिसला!" लगेच चार पावलं चालून सिंहासनाजवळ गेले, एकदा खाकरले आणि राजाच्या आवाजात म्हणाले, "काय सांगता प्रधानजी!" सिंहासनावर सावंत बसलेलेच होते. ते आ वासून बघत राहिले. सावंतांचं मराठी एरवी शुद्ध, पण रागावले की मालवण वर येतं. "नानानू, माझ्यासाठी कायतरी ठेवशात की नाय?"

नाना ओशाळले. पुढच्या वाक्याला तसंच. राणी बोलायच्या आत राणी, राक्षस हसायच्या आत राक्षस. "आवं नाना, मी हाय न्हवं हितं उभा! एवढा दिसत न्हाई व्हय?" दत्ताभाऊंनी हात पसरून विचारलं. दत्ताभाऊ न दिसणं अवघड आहे.

आम्ही उपाय केले. नानांभोवती खडूनं गोल आखला. ते गोलातच राहिले आणि तोंड फिरवून राणी झाले. तोंडात लवंग ठेवायला दिली. लवंग चघळत त्यांनी घोड्यासकट सगळा प्रवेश केला. आठ दिवस गेले, आणि सगळे आता माझ्याकडे बघायला लागले. काढायचं तर दिग्दर्शिकेनंच काढायला हवं.

मी नानांना चहाच्या टपरीवर घेऊन गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण आधी तेच बोलले.

"जमंना, ताई. एक जन गैरहजर आसंल तर मला कळतंय, मी कोन ते. सगळेच हजर आसले की माझं मलाच कळत न्हाई."

मला एकदम वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. एवढी वर्षं आम्हीच त्यांना रिकामी जागा दाखवत आलो होतो.

"बिनसंवादाचं काय हाय का?" त्यांनी बशी खाली ठेवत विचारलं. "म्हंजी बोलायचंच न्हाई आसं. तोंड उघडायचा सवालच न्हाई."

राजवाड्याच्या दारात एक पहारेकरी होता. भाला धरून उभा राहायचं, बाकी काही नाही. दर वर्षी आम्ही त्या जागी पुठ्ठ्याचा उभा करायचो. मी ते काम दिलं. नाना खूश झाले आणि लगेच अट घातली. "बसून केलं तर चालंल?"

"पहारेकरी कुठे बसतो का नाना?"

"ह्यो बसतो. हाताच्या खुर्चीत."

मी म्हटलं, बसा. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या नाटकात पुठ्ठ्याच्या जागी एक चमत्कार सुरू झाला. नाना खुर्चीत बसत. उजव्या हातात भाला, तो हात मांडीवर निपचित. सगळं बोलणं डाव्या हातानं आणि डोळ्यांनी. राजा काही बढाई मारायला लागला की पहारेकरी एक डोळा मिटायचा, म्हणजे हे खोटं आहे. नको असलं की तीन बोटांनी माशी उडवल्यासारखं करायचा. हो म्हणायचं असलं की खुर्चीच्या हातावर दोनदा थाप. आणि फारच मूर्खपणा चालला की नजर छताकडे लावून असा एक लांब सुस्कारा सोडायचा की तालमीत राक्षसाला हसू आवरेना.

मी त्यांना एकच सूचना केली. "नाना, उजवा हात जरा हलवा. ताठ वाटतो."

"त्यो हालत न्हाई, ताई."

"खांदा दुखतोय का?"

"माझा न्हाई दुखत. त्याचा हालत न्हाई," नाना म्हणाले. मी समजले, भूमिकेत शिरलेत. आणि चारचौघांत सांगायला लागले की मूकाभिनय म्हणजे काय ते मी नानांकडून कसं बसवून घेतलं.

प्रयोग रविवारी सकाळी होता. दाराजवळची कडेची खुर्ची मी स्वतः राखून ठेवली, वर ओढणी टाकली. नाना आले ते एकटेच. "इस्त्रीची साडी नेसून तयार व्हती," एवढंच म्हणाले. "रिक्षा दारात आली, आन् हिचं मन मागारी फिरलं." मग मला विचारून ती ओढणी उचलली, तिची चुंबळ करून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यात आपला मोबाईल उभा खोचला. वाकून, मान तिरकी करून त्यातून रंगमंचाकडे बघितलं. "आनखी जरा वर पायजे. ती येवढी बुटकी न्हाई." आम्ही खाली राणीची उशी सरकवली. शूटिंग चालू करून नाना आत गेले.

नाटक सुरू झालं. पडदा वर गेल्यावर दहा मिनिटांनी एक गृहस्थ उशिरा आले. कडेची खुर्ची रिकामी दिसली म्हणून मोबाईल उचलायला वाकले. रंगमंचावर तेव्हा राजा राणीचा निरोप घेत होता. पहारेकऱ्याची नजर त्या गृहस्थांवर गेली. त्यानं खुर्चीच्या हातावर चापट मारली आणि तीन बोटांनी माशी उडवली. नको. गृहस्थांनी मागे वळून बघितलं, मला म्हणतोय का? पहारेकऱ्यानं छताकडे बघून तो लांब सुस्कारा सोडला. सगळं थिएटर हसायला लागलं. गृहस्थ निमूट मागच्या रांगेत जाऊन बसले, आणि पहारेकऱ्यानं त्यांच्यासाठी खुर्चीच्या हातावर दोन थापा मारल्या. शाब्बास.

त्यानंतर प्रयोग नानांचाच झाला. राक्षस मागून आला तेव्हा पोरं "मागे! मागे!" ओरडायचं सोडून पहारेकऱ्याला हाका मारायला लागली. राजा म्हणाला, "कुठे आहे राक्षस? मला तर कुणीच दिसत नाही!" पहारेकऱ्यानं एक डोळा मिटला. दोनशे पोरांनी त्याच्याबरोबर एक डोळा मिटला. लहान पोरांना एकच डोळा मिटता येत नाही, त्यांनी दोन्ही मिटले. बाहेर पडताना जिन्यात एक चिमुरडी आईला स्वेटरसाठी तीन बोटं उडवून नको म्हणत होती.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, मी दापोडीला नानांच्या घरी गेले. कदमची बायको शाळेत शिकवते. तिच्या वर्गानं पहारेकऱ्याची चित्रं काढली होती, त्यांचा गठ्ठा द्यायचा होता. खरं तर काकूंना भेटायचं होतं, आणि एवढ्या वर्षांत आपण इथे कधी आलो नाही याची लाजही वाटत होती. रेल्वेला लागून गल्ली, तळमजल्यावर दोन खोल्या. दार नानांनी उघडलं. मी आत पाऊल टाकलं तोच त्यांनी आवाज बारीक केला आणि म्हणाले, "या की ताई! किती वर्षांनी! वाळलात हो तुम्ही!"

आवाज हुबेहूब काकूंचा होता.

काकू समोर हाताच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित होता, ओठांची उजवी कड खाली ओढलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे बघून एक डोळा मिटला. हे खोटं आहे.

"बरं, वाळला न्हाईत," नाना आपल्या आवाजात म्हणाले. "मीच पदरचं घातलं."

मी तिथंच दारात खाली बसले.

"दोन वर्सं झाली," नाना म्हणाले. "डोक्यात रक्ताची गाठ झाली, उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती म्हनली, कुनाला सांगू नका. म्हनली म्हंजी..." त्यांनी तीन बोटं उडवून दाखवली. "लोक नाटक बघायला येत्यात, मला न्हाई, आसं तिचं म्हननं."

तेवढ्यात लोकल गेली. दापोडीच्या त्या गल्लीत गाडी गेली की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. नानांनी हातानंच विचारलं, चहा? काकूंनी दोनदा थाप मारली आणि माझ्याकडे बोट केलं, हिलाही. गाडी गेल्यावरच मला कळलं की तेवढा वेळ आम्ही तिघंही सारखेच बोलत होतो.

"म्हणजे पहारेकरी..." मी म्हटलं.

"मंडळींचा," नाना म्हणाले. "तिचा खाडा व्हता, मी उभा ऱ्हायलो. म्हंजी बसलो. तालीम तिनंच घेतली की, रोज दुपारी. सुस्काऱ्याला तर चार दिस लावलं. तिला बघायचं व्हतं, लोक आसल्या मानसाला हसत्यात का भित्यात."

आणि मी महिनाभर चारचौघांत सांगत फिरले होते, मूकाभिनय मी बसवला म्हणून! मी काकूंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी नजर छताकडे लावली आणि एक लांब सुस्कारा सोडला. मला रडू यायला लागलं होतं, त्यात हसू फुटलं.

काकूंनी नानांच्या मोबाईलकडे बोट केलं. नानांनी शूटिंग लावलं. रंगमंच थोडा तिरका दिसत होता, दाराजवळच्या खुर्चीतून दिसतो तसा. एका जागी काकूंनी थाप मारून थांबवायला लावलं. पडद्यावर पहारेकरी उजव्या हातानं नाक खाजवत होता.

"पाचव्यांदा दाखवलं तिनं हे," नाना अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "नाकावरचा रंग खाजला. सेटिंग बदललं माझं तिथं."

मी चित्रांचा गठ्ठा काकूंच्या मांडीवर ठेवला. तीसएक पहारेकरी होते. कुणाला शिंगं होती, कुणाला लांब शेपूट, एकाला तर घोड्याचं तोंड. पण प्रत्येकाचा उजवा हात अंगाला चिकटलेला आणि डावा वर उचललेला. काकू एकेक कागद डाव्या हातानं बाजूला करत शेवटपर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

"काकू," मी म्हटलं, "पोरं तुम्हाला ओळखतात आता. पुढच्या वर्षी याल ना? तीच खुर्ची ठेवते."

नानांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज बारीक करण्यासाठी त्यांनी श्वास घेतलेलाही मी पाहिला. मग त्यांनी काकूंकडे बघितलं आणि तोंड मिटलं. सगळे हजर असताना शेवाळे नाना गप्प राहिले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकूंनी हातातलं चित्र नीट गठ्ठ्यावर ठेवलं, पदर सारखा केला. मग खुर्चीच्या हातावर एक थाप मारली. आम्ही दोघं वाट बघत राहिलो, आणि त्यांनी दुसरी मारली.